अक्का, आणि तिच्या नावाची कमान

तेरणाकाठ (धागाकर्ता):

नमस्कार मंडळी. आमची आई गेल्या महिन्यात गेली. मामा तिला अक्का म्हणायचे, ते ऐकून आम्ही भावंडंही अक्काच म्हणू लागलो, आणि आमचं ऐकून सगळं गाव. गाव औसा तालुक्यातलं. नाव मुद्दाम देत नाही, इथले काही जण ओळखतीलच.

वय किती? आधार कार्डावर 1 जानेवारी आहे. गावातल्या निम्म्या म्हाताऱ्या 1 जानेवारीलाच जन्मल्यात, त्यामुळं त्याला काही अर्थ नाही. ती स्वतः सांगायची, "रझाकारीत मी सोळा वर्षांची, नुकतीच नांदायला आल्ती." म्हणजे निजामाच्या राज्यावरचं पोलीस ॲक्शन सप्टेंबर 1948 धरलं तर नव्वदी ओलांडून गेली. तिच्या आयुष्यात तिनं जिल्ह्याची तीन नावं पाहिली. आधी निजामाचा उस्मानाबाद, मग 1982 साली झालेला लातूर, आणि तिचं माहेर ज्या जिल्ह्यात राहिलं त्याचं नाव आता धाराशिव. घर मात्र तेच, माळवदाचं, म्हणजे मातीच्या सपाट छताचं. भूकंपानंतर त्यावर पत्रे आले, तेवढाच काय तो फरक.

चौकात श्रद्धांजलीचा फ्लेक्स लागला. त्यावर "थोर समाजसेविका". खाली सात-आठ पुढाऱ्यांचे फोटो, त्यातले दोघं तर अक्काच्या फोटोपेक्षा मोठे. तिनं स्वतःसाठी हा शब्द कधी वापरला नाही. कोणी विचारलंच तर म्हणायची, "कुणीतरी जायला पायजे का नाही?"

मी सगळ्यात धाकटा. मला आठवतं ते 1972 च्या दुष्काळापासूनचं. तेव्हा मी सहा-सात वर्षांचा असेन. खडी फोडायचं काम माळावर निघालं होतं. बायका हातोडा घेऊन बसायच्या आणि लेकरं उन्हात. मुकादमाचं लक्ष मस्टरवर, लेकरांकडं कोण बघणार? अक्कानं लिंबाच्या फांदीला जुन्या लुगड्यांच्या झोळ्या बांधल्या आणि तिथंच बसली. सुकडी, म्हणजे दुष्काळातला सरकारी खाऊ, आली की ती स्वतः वाटायची, कारण आधी वाटणारा आपल्या माणसांना ओंजळभर आणि बाकीच्यांना चिमूटभर द्यायचा. मिलोच्या, म्हणजे परदेशातून आलेल्या ज्वारीच्या, भाकरी मीही खाल्ल्यात. लाल, कडक, घशाखाली न उतरणाऱ्या. तिनं त्यात थोडी आपली जवारी मिसळायची युक्ती काढली होती, पण ज्यांच्या घरी जवारीच नाही त्यांना ती युक्ती काय कामाची, हे तिलाही कळायचं.

पुढं नारू, साक्षरतेचे वर्ग, भूकंप, पोलिओचे डोस. एकेका विषयावर वेगळा धागा होईल. पोलिओच्या रविवारी ती ऊसतोडीच्या कोप्यांवर जायची, कारण टोळ्यांची लेकरं कुठल्याच गावाच्या यादीत नसतात. डाव्या करंगळीला शाई दिसली नाही की लेकरू उचलून बूथवर. 1995 च्या पहिल्या फेरीपासून गुडघे चालेपर्यंत तिनं हे केलं.

आता मुद्दा. दादाला गावाच्या वेशीवर तिच्या नावाची कमान उभारायची आहे. आरसीसी, वर अक्षरं. पैसे तो घालतोय, माझी ना नाही. पण मला ते पटत नाही आणि का पटत नाही ते त्याला सांगता येत नाही. तुमच्याकडं अशा माणसांसाठी काय केलं? आणि ज्यांनी अक्काला पाहिलंय त्यांनी जरूर लिहा.

---

निवृत्त_आरोग्यसेवक:

ओळखलं. मी 83 ते 91 त्या भागात होतो. तुम्ही नारू एका शब्दात उरकलात, म्हणून जरा सविस्तर लिहितो. आजच्या मुलांना नारू माहीतच नाही, आणि ते बरंच आहे.

तुमच्या गावात पायऱ्यांची बारव होती. बायका पायऱ्या उतरून थेट पाण्यात पाय घालून घागर बुडवायच्या. नारू झालेल्या माणसाच्या पायाला फोड येतो, आग होते. तो पाय थंड पाण्यात घातला की बरं वाटतं, आणि नेमकं तेव्हाच आतली मादी पाण्यात हजारो पिल्लं सोडते. त्या पिल्लांना पाण्यातले सायक्लॉप्स नावाचे बारीक जीव खातात, आणि ते पाणी आपण पितो. वर्षभर काही कळत नाही. मग उन्हाळ्यात, पेरणीच्या तयारीच्या ऐन दिवसांत, पायातून दोन-दोन हात लांब पांढरा दोरा बाहेर यायला लागतो. तो काडीला गुंडाळून रोज थोडा थोडा ओढायचा. मध्येच तुटला तर पाय पिकलाच. त्याच्यावर लस नव्हती, औषध नव्हतं, आजही नाही. करण्यासारख्या गोष्टी दोनच: पाणी दुहेरी कापडातून गाळून प्यायचं आणि नारूवाल्यानं पाण्यात उतरायचं नाही.

आम्ही बारवेत टेमेफॉस, म्हणजे सायक्लॉप्स मारायचं औषध, टाकायचो. लोक म्हणायचे, पाण्याला वास येतो, सरकार विष घालतंय. गाळायचं कापड वाटलं तर त्याचे टापरे झाले, लेकरांची दुपटी झाली. एक म्हातारबुवा मला तोंडावर म्हणाले, "पाणी गाळून प्यायला आम्ही काय जैन हाव का?"

अक्का तिथंच उभ्या होत्या. मला वाटलं, आता भांडतील. भांडल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी गल्लीतल्या जैनांच्या घरी गेल्या, त्यांच्या हंड्यावर गाळणं कसं बांधतात ते बघून आल्या, आणि गावात सांगत सुटल्या की त्या घरात आजवर एकालाही नारू झालेला नाही, मोजून बघा. लोकांनी खरंच मोजलं. माझी सगळी चित्रं आणि तक्ते त्यापुढं फिके पडले.

मग दुसरी गोष्ट. त्या पहाटे बारवेच्या वरच्या पायरीवर बसायच्या आणि उतरणाऱ्याचे पाय बघायच्या. फोड दिसला की घागर हातातून घ्यायच्या, "तू बस, मी आणून देते" म्हणायच्या आणि स्वतः भरून आणायच्या. "उतरू नको" असं त्या कुणालाच म्हणायच्या नाहीत. मी खात्यात नोकरी केली, पण माणसाला न दुखवता अडवायचं कसं हे मला खात्यानं शिकवलं नाही.

देशातला शेवटचा रुग्ण 1996 साली राजस्थानात सापडला. 2000 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनं भारत नारूमुक्त म्हणून जाहीर केला. तुमच्या गावात मी बदलून जायच्या आधीच तो थांबला होता. बारव नंतर बंद करून हातपंप बसला.

---

परभणीकरीण:

वाचताना पायाला मुंग्या आल्या. माझ्या आजोबांच्या पोटरीवर तसा व्रण होता, आम्हाला वाटायचं विंचू चावला असेल.

कमानीबद्दल: आमच्या गावात तीन कमानी आहेत. एकीखालून बस जात नाही.

---

बिनकामाचा:

कुणाच्या दुःखाच्या धाग्यावर वाद घालायचा नाही, तरी एक बोलतो. हे सगळं काम सरकारचं होतं. सुकडी नीट वाटणं, नारूचं पाणी, पोलिओ, सगळं. त्यासाठी माणसं नेमायची, पगार द्यायचा. ते न करता प्रत्येक गावातल्या एका अक्काच्या पाठीवर योजना उभ्या राहिल्या. आणि ती अक्का बाईच का असते नेहमी? 2005 नंतर आरोग्य खात्याच्या आशा सेविका आल्या तर त्यांनाही पगार नाही, मोबदला. अंगणवाडीताईंना मानधन. बाईनं केलं की ते कामच नव्हे. आपण "निःस्वार्थ" म्हणून टाळ्या वाजवतो आणि पुढची बाई फुकट राबायला मोकळी.

---

निवृत्त_आरोग्यसेवक:

तुमचं म्हणणं खोडता येत नाही. मला पगार होता, त्यांना नव्हता, आणि काम त्यांचं जास्त झालं. फक्त एवढंच सांगतो, पगारी बाई नेमली असती तर तिचे आदेश तालुक्याहून आले असते. अक्कांना आदेश देणारं कोणी नव्हतं. एकदा आमच्या साहेबांनाच त्यांनी बारवेवरून माघारी पाठवलं होतं, बूट घालून पायऱ्या उतरत होते म्हणून.

---

वस्तीवरचा:

मी त्याच गावचा, आता पुण्यात असतो. धागा चार दिवस वाचतोय. लिहू का नको, असं चाललं होतं.

अक्का बाळंतपणं करायच्या, हे तुम्ही लिहिलंच नाही. की पुढं लिहिणार होतात? करायच्या, आणि चांगली करायच्या. पण ते त्या शिकल्या कुणाकडून? माझ्या आजीकडून. आमची आजी मांगवाड्यातली सुईण. गावातल्या मोठ्या घरांतली दोन पिढ्यांची लेकरं तिच्या हातावर आली. नाळ तिनं कापायची, आणि नंतर तिला प्यायला पाणी द्यायचं ते वरून ओतून. साडी-चोळी आणि पायलीभर जवारी, ती पण सुपात लांबून. अक्कांच्या स्वतःच्या पहिल्या दोन बाळंतपणांना आजीच होती. नंतर अक्का तिच्यामागं कंदील धरायला जाऊ लागल्या. आडवं लेकरू कसं फिरवायचं, वार पडली नाही तर काय करायचं नाही, हे आजीनं दाखवलं.

सुरुवातीला अक्काही आमच्या घरी पाणी पीत नव्हत्या. खोटं कशाला बोलू. 78 साली विधिमंडळात मराठवाडा विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव द्यायचा, नामांतराचा ठराव झाला आणि मराठवाड्यात गावोगाव आमच्या लोकांची घरं जळाली. त्या दिवसांत आमच्या गावातही रात्री पोरं टोळक्यानं फिरत होती. अक्का येऊन आमच्या ओट्यावर बसल्या. काही बोलल्या नाहीत, आजीकडं पाणी मागितलं आणि प्यायल्या. रात्रभर तिथंच होत्या. ज्यांच्या घरची बाई ओट्यावर बसलीय तिथं येऊन दंगा करायला कुणाला जमलं नाही. हे मला आईनं सांगितलंय, मी लहान होतो.

म्हणून म्हणतो, कमान करा नाही तर पुतळा करा, माझी हरकत नाही. पण गावानं आजीचा फ्लेक्स लावला नव्हता. ती 86 साली गेली तेव्हा गावातून चार माणसं आली होती. त्यात एक अक्का.

---

तेरणाकाठ:

बाळंतपणाचं मी लिहिलं नाही कारण मला त्यातलं काही माहीत नाही, पुरुषांना त्या खोलीच्या आसपास फिरकू देत नव्हते. ओट्यावरच्या रात्रीबद्दल घरात कधीच बोलणं झालं नाही. आबा तेव्हा होते. त्यांनी अक्काला कधी अडवलं नाही आणि कधी हातभारही लावला नाही. ती रात्री घरी नसली की भाकरी कोण करतंय, एवढंच विचारायचे.

आजीला मी पाहिलंय. कपाळावर मोठं गोंदण. अक्का तिला "मावशी" म्हणायची, हे मात्र पक्कं आठवतं, कारण आमच्या आत्याला ते आवडायचं नाही.

---

सास्तूरचा:

मी लोहारा तालुक्यातला, तुमच्या पलीकडचा. 30 सप्टेंबर 1993. आदल्या दिवशी गणपती बुडवून लोक उशिरा झोपले होते, पहाटे चारच्या आत धरणी हलली. आमच्या घरातलं मी सांगत नाही.

अक्कांना मी ओळखत नव्हतो, पण नंतरच्या दुरुस्तीच्या काळात त्यांना पाहिलंय, असं मला वाटतं. 52 गावं उठवून नव्या जागी वसवली, त्यांचं सगळ्यांना माहिती आहे. पण ज्या गावांत घरं तडकली आणि उभी राहिली, तिथं जागच्या जागी दुरुस्ती होती. त्या कामात गावोगाव बायकांना संवाद सहायक, म्हणजे लोक आणि सरकार यांच्यातला दुवा, केलं होतं. एक वयस्कर बाई हातात काठी घेऊन माळवदावर चढायच्या आणि काठी मातीत खुपसून खोली दाखवायच्या. माळवद गळालं की आपण दर उन्हाळ्यात वर पांढरी माती टाकतो. बापानं टाकली, आज्यानं टाकली, थर चढत जातो. खाली दोन-अडीच हात रुंद दगडाच्या भिंती, त्यांत नुसता चिखल, आतला दगड बाहेरच्या दगडाला कुठं बांधलेलाच नाही. भूकंपात भिंत फाकली आणि वरचं सगळं अंगावर आलं. माणसं मेली ती त्या मातीखाली. त्या बाई म्हणायच्या, "ही माती आधी खाली काढा, मग सरकारचं लोखंड येऊ द्या." लोक ऐकत नव्हते, कारण माती काढली की घर उन्हाळ्यात तापतं, आणि पहिल्या पावसात गळतं. त्यांनी आपल्या घरावरची आधी काढली असं ऐकलं होतं.

---

तेरणाकाठ:

तीच. घरावरची माती काढली तेव्हा ती साठीच्या पुढं होती. टोपल्या आम्ही उचलल्या, पण खोरं तिच्या हातात. म्हणूनच आता पत्रे आहेत आणि मे महिन्यात घरात बसवत नाही. तरी दादानं परत माती टाकायचं नाव काढलं की काठी घ्यायची.

---

येळवस_प्रेमी:

एक वेगळी आठवण. येळवसला, म्हणजे वेळ अमावास्येला, आम्ही लातुराहून कुणाच्याही शेतात जेवायला जायचो, आमचं स्वतःचं शेत नाही. एका वर्षी तुमच्या शिवारात गेलो. कोपीपाशी एक आजी मातीच्या मडक्यातून आंबील ओतत होत्या. जेवण झाल्यावर भज्जी आणि उंडे बांधून दिले, नाव-गाव विचारलं नाही. निघताना एवढंच विचारलं, "लेकराला गोवराची सुई दिलीव का?" माझी बायको आजही सांगते. दिली नव्हती.

---

ताई_नातीच्या_मोबाइलवरून:

मी ह्याची थोरली बहीण. मी सांगलालेय, नात लिहिलालीय. चूकभूल तिच्यावर.

बारक्या, तू लिहिलास ते सगळं खरं हाय. पण तुला 72 पासून आठवतंय. त्याच्या आधीचं मला आठवतंय. मी चौथी झाले आणि शाळा सुटली. अक्का बाळंतिणीला गेली की एक दिवस, कधी दोन दिवस यायची नाही. गुरं, धुणं, भाकरी, दादाची शाळा, आणि तू झालास तवा तू. तू माझ्या कडंवर वाढलास. सहा महिन्याचा व्हतास, अक्का शेजारच्या गावाला गेल्ती, तू रात्रभर रडलास. मी तेरा वर्षांची. चुलतीच्या दारात घेऊन उभी राहिले, तिचं अंगावरचं लेकरू व्हतं, तिनं तुला पाजलं. हे अक्काला मी लई वर्षांनी सांगितलं. ती म्हणली, मला ठाऊक हाय, चुलतीनं सांगितलंय, मी तिला त्याच दिवाळीला लुगडं घेतलं. मला काही घेतलं नव्हतं.

राग नाही. मी तिला ह्यावरून लई बोलले पण, ती ऐकून घ्यायची. माझ्या पहिल्या बाळंतपणाला मी माहेरी आले. कळा सुरू झाल्या तवा ती वरच्या आळीला दुसरीपाशी बसल्ती. मला सोडवलं ते वस्तीवरच्या त्या मावशीनं. ज्यानं आजीचं लिहिलंय, त्याला सांगा, तुझ्या आजीनं माझा जीव वाचवला, लेकरू आडवं व्हतं. अक्का रात्री आली, लेकरू बघितलं, हात धुतले आणि शेगडी पेटवली. मग मात्र सव्वा महिना तिनं उंबरा ओलांडला नाही. लोक बोलवायला आले तर म्हणायची, माझी लेक बाजंवर हाय, मावशीला न्या.

कमान करू नका. कमानीची सावली कुणाला पुरती का? गावच्या दवाखान्यापुढं गुरुवारी बायका लेकरं घेऊन उन्हात उभ्या राहतात, बसायला काही नाही. तिथं पत्रे टाका. दादाला मी बोलते, तो माझं ऐकतो, कारण त्याला पण मीच वाढवलंय.

---

परभणीकरीण:

ताई, नमस्कार करते. नातीला सांगा, एकही चूक केलेली नाही.

---

बिनकामाचा:

मी फुकट राबण्याचं लिहिलं तेव्हा अक्कांचा हिशोब करत होतो. ताईंची चौथीनंतरची शाळा हिशोबात धरलीच नव्हती.

---

वस्तीवरचा:

ताई, तुम्ही आडव्या लेकराचं सांगितलं. ते घरी कुणालाच माहीत नव्हतं. आईला फोन करून सांगितलं.

---

तेरणाकाठ:

ताईनं दादाला फोन केला. बोलणं चार मिनिटांत संपलं. कमान रद्द, उपकेंद्रापुढं पत्र्याचं शेड आणि दोन बाजूंनी सिमेंटचे बाक. नाव लिहायचं का, आणि कुणाचं, यावर अजून एकमत नाही. मी दोघींचं म्हणतोय, अक्काचं आणि मावशींचं. दादा म्हणतो, एकच नाव असावं, नाहीतर लोक विचारतील. मला वाटतं विचारू देत. तो विषय पुढच्या महिन्यात सगळे जमल्यावर.

तोपर्यंत कामाचा प्रश्न: औशात किंवा लातुरात फॅब्रिकेशनचं काम नीट करणारं कुणी आहे का? शेड साधारण वीस बाय बारा फूट, पश्चिमेकडून वारं जोरात येतं.

---

सास्तूरचा:

लोखंड घ्यायची घाई करू नका. उपकेंद्राची जागा जिल्हा परिषदेची असते, आधी ग्रामपंचायतीचा ठराव घ्या आणि तो तालुका आरोग्य अधिकाऱ्यांकडं लेखी द्या, पोच घ्या. आमच्याकडं असाच एक निवारा परवानगी नाही म्हणून अर्धा उभा राहिला. पत्रे साधे नको, खाली उष्णता अडवणारा थर असलेले घ्या, थोडे महाग पडतात. पश्चिमेला चार फूट उंच भिंत घाला, खांब जमिनीत तीन फूट तरी जाऊ द्या. फॅब्रिकेशनवाल्याचा नंबर व्यक्तिगत निरोपात देतो, दर आधी ठरवून घ्या.